तिचा मिशांचा फोटो छापू का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी सांगलीच्या गावभागातून एकाच पाकिटात तीन पत्रं आली : लेकीचं, नातीचं आणि आजोबांचं. तिघांनाही एकाच बाईबद्दल विचारायचं आहे. गेल्या वर्षी आषाढात ती गेली, शहात्तराव्या वर्षी. नावं छापू नका अशी विनंती आहे, म्हणून छापलेली नाहीत. पत्रं लांब होती, ती थोडी आवरली आहेत. शब्द त्यांचेच.

प्रश्न : ताई, आईचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झालं. येत्या अविधवा नवमीला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं दादाने ठरवलंय. नातेवाइकांनी लेख पाठवले. सगळ्यांत तेच : प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, साक्षात अन्नपूर्णा. वाचताना मला रडू आलं, कारण त्यात माझी आई कुठे सापडेचना.

माझी आई पत्त्यांतला मेंढीकोट खेळायची. समोरच्याची मेंढी, म्हणजे दहिला, पकडली की उभी राहून टाळी द्यायची. हादग्याच्या खिरापतीच्या डब्यात मुद्दाम शेंगांची टरफलं घालून वाजवायची, पोरींना ओळखता येऊ नये म्हणून. महिला मंडळाच्या नाटकात तिने फौजदार केला होता, खऱ्या चिकटवायच्या मिशा लावून. तो फोटो घरात आहे आणि मला तोच मुखपृष्ठावर हवाय. काका म्हणतात, "वहिनींचं हसं करू नका, शालूतला फोटो घ्या." दादा मधल्यामधे अडकलाय. २०१९ च्या पुरात आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो तेव्हा तर तिने मेणबत्तीच्या उजेडात डाव मांडला होता, पण ते जाऊ दे. मी नेमकं काय लिहू?
— एक माहेरवाशीण, ठाणे

उत्तर : मिशांचा फोटो छाप. मुखपृष्ठावरच छाप.

काकांवर रागावू नकोस. वहिनी आता नाही, तिला कुणी नावं ठेवू नयेत, ही त्यांची काळजी खरी आहे. शालूतला फोटो मागच्या पानावर घ्या, त्यांचंही मन राहील. पण त्यांच्याशी बोलताना आपल्या गावाची आठवण काढ. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथे नाटक उभं केलं, त्यातली बायकांची कामंही पुरुषांनीच केली होती. नागठाण्याचे बालगंधर्व सांगली जिल्ह्यातलेच. ते शालू नेसून उभे राहिले की घरंदाज बायका त्यांचं नेसणं न्याहाळायच्या, तसं नेसायला शिकायच्या. पुरुषांनी पदर घेतला त्याचा या गावाला अभिमान आहे. मग त्याच गावातल्या एका सुनेने एका संध्याकाळपुरता फौजदार केला, तर तो फोटो कपाटात का ठेवायचा? माझ्या मते काकांनीच त्या फोटोखालची ओळ लिहावी. नाटक कुठल्या साली झालं, कुठल्या सभागृहात, टोपी कुणाची मागून आणली होती. दीर म्हणून ते प्रयोगाला नक्की गेले असतील. त्यांना आठवायला बसव. माणूस आठवायला लागला की विरोध आपोआप सैल होतो.

मात्र छापण्याआधी बाबांना विचार. फोटो तुझ्या आईचा आहे आणि त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.

आता लेखाचं. तू पत्रात एक वाक्य लिहिलंस आणि लगेच "ते जाऊ दे" म्हणालीस. ते का जाऊ द्यायचं? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणजे गावभागात खालचा मजला पाण्यात, वीज गेलेली, पिण्याचं पाणी संपत आलेलं, बाहेर बोटींचे आवाज. अशा रात्री तुझ्या आईने पत्ते काढले. तुझा लेख हाच आहे, बाई. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पण तो नीट लिही. त्या खोलीत कोण कोण होतं? शेजारची माणसं वर आली होती का? पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं आणि ते कोण मोजत होतं? पत्ते कुठून आले? मला खात्री आहे की तिने घर सोडायची वेळ येईल म्हणून बांधलेल्या पिशवीत कागदपत्रांबरोबर पत्त्यांचा जोडही टाकला असेल, पण तू विचारून घे. खायला काय होतं? सांगलीचं घर म्हणजे भडंगाचा डबा असणारच. तो कुणी फोडला, लसूण कुणी निवडून खाल्ली? कोण घाबरून रडत होतं आणि तिने त्याला जोडीला घेतलं का? ती स्वतः घाबरली होती का? हे शेवटचं जरूर लिही. तुझ्या आईला भीती वाटतच नव्हती असं लिहू नकोस. हात थरथरत असताना तिने पानं पिसली असतील तर ती थरथरही लिही.

आपल्याकडे बाई गेली की तिच्यावर लिहिताना आपण हात आखडतो. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या बघ. पुरुषाबद्दल निदान नोकरी, पद, कुठल्या संस्थेत होता एवढं तरी असतं. बाईला विशेषणं मिळतात, तीही सगळ्यांना सारखीच. 'सोशिक' हा शब्द मला विशेष खटकतो. तिने काय सोसलं हे न सांगता आपण तिला शाबासकी देऊन मोकळे होतो. तुझ्या दादाकडे आलेले लेख परत पाठवू नका, पण प्रत्येकाला एकच चिठ्ठी पाठवा : "तिने तुम्हाला कधी हसवलं, कुठे, कशावरून, ते लिहा." बघ काय येतं.

आणखी एक. हौशी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, तिला बरा वेळ होता. तुझी आई एकत्र कुटुंबातली थोरली सून होती, हे तुझ्याच पत्रात आहे. मग मंडळाच्या तालमींना ती कधी जायची? आमच्या सासूबाई मिरजेच्या. दुपारी दोन ते साडेतीन हा वेळ त्यांनी कधी कुणाला दिला नाही. सकाळचा स्वयंपाक, पंगती, भांडी, निवडणं-टिपणं उरकून त्या शेजारच्या दोघी-तिघींबरोबर सोंगट्यांचा पट मांडायच्या. साडेतीनला पट गुंडाळला की चहाचं आधण चढलेलं. त्या दीड तासात दारावर कुणी आलं तर आम्ही सुनांनीच बघायचं. ती वेळ त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनी ती काढली होती, आणि त्यासाठी पहाटे साडेचारला उठत होत्या. तुझ्या आईनेही असंच कुठून तरी काढलं असणार. तालमीला जायच्या दिवशी संध्याकाळची भाजी सकाळीच चिरलेली असायची का, ते आठव. तिची मजा खरी कळायची तर ती मजा तिने कशी मिळवली तेही लेखात यायला हवं.

लांबीची काळजी करू नकोस. दोन पानं पुष्कळ झाली.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजीचे मेंढीकोटाचे नियम वेगळे होते. मैत्रिणींकडे खेळायला गेले तर त्या म्हणतात असे नियम नसतातच. आमच्याकडे हरलेल्या जोडीने चहा करायचा, आणि त्यातून आजोबांनाही सुटका नव्हती. आजी पानं लपवायची हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी पकडलं की म्हणायची, "पकडलंस ना? मग तू हुशार. आता वाट पानं." तिचे बरेच व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहेत. त्यात उखाणे आहेत, हादग्याची गाणी आहेत आणि एकात नुसती हसतेय. हे सगळं कसं जपू? आजी पत्त्यांत फसवायची हे पुस्तिकेत लिहिलं तर चालेल का?
— नात, सांगली

उत्तर : बाळ, फसवायची हे अगदी लिही. तिचं ते वाक्य जसंच्या तसं लिही.

आधी आवाजाचं बघ, कारण ते काम थांबणारं नाही. फोन हरवला, बिघडला किंवा बदलला की व्हॉट्सअ‍ॅपमधले आवाज जाऊ शकतात. या रविवारी एकेक मेसेज बाहेर काढून घे आणि दोन ठिकाणी ठेव. एक प्रत घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी आत्याकडे ठाण्याला. दोन्ही प्रती एकाच घरात नकोत, पुराच्या गावात तर नकोतच. प्रत्येक फाइलला नाव दे : तारीख, त्यात काय आहे, कुणासाठी पाठवलं होतं. नुसती हसतेय त्या फाइललाही नाव दे, आणि ती कशाला हसत होती ते आठवत असेल तर लिहून ठेव. आज तुला वाटतं की हे मी कधी विसरणारच नाही. लिहून ठेव.

हे काम मोठ्या माणसांनी कसं केलं ते सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही त्यांनी नोंदवलं. एरवी या गाण्यांखाली 'पारंपरिक' एवढंच लिहिलेलं असतं, आणि गाणारी कुठेच नसते. तू आजीचं हादग्याचं गाणं लिहिशील तेव्हा ते कुणाकडून आलं हेही लिही. तिच्या आईकडून आलं असेल तर तिच्या माहेरचं गाव लिही. तिने मधे स्वतःची ओळ घुसवली असेल तर त्या ओळीवर खूण कर.

तू पाठवलेला उखाणा मला फार आवडला, तो इथे देते :

आयर्विनच्या पुलाखाली कृष्णामाई संथ,
–रावांनी मेंढी घालवली, तरी मला नाही खंत.

नवऱ्याचं नाव घ्यायच्या निमित्ताने चारचौघांत त्याच्या हरण्याची बातमी देऊन टाकणारी ही बाई मला बघायला मिळायला हवी होती. हा उखाणा तिने कुठे घेतला? कुणाच्या मंगळागौरीला, की बारशाला? आजोबा तिथे होते का? हे सगळं उखाण्याखाली आलं पाहिजे.

आता नियम. मेंढीकोट घरोघरी वेगळा असतो, त्यामुळे मैत्रिणींशी वाद घालू नकोस. चार जण, समोरासमोरच्यांची जोडी, प्रत्येकाला तेरा पानं, आणि चारही दहिले म्हणजे मेंढ्या पकडायच्या, एवढं सगळीकडे सारखं. पुढचं प्रत्येक घराचं. तुमच्याकडे हुकूम कसा ठरायचा? कुणी पान उलटं झाकून ठेवायचं, की रंग नसताना जे पान पडेल तो हुकूम? कोट झाला, म्हणजे चारही मेंढ्या एकाच जोडीकडे गेल्या, तर काय शिक्षा? पानं वाटताना उजवीकडून की डावीकडून? हे एका वहीत क्रमाने लिही, मग ती वही समोर ठेवून घरच्यांबरोबर एक डाव खेळ. लिहिताना सुटलेला नियम डावात लगेच सापडतो, कारण तिथेच भांडण होतं. भांडण मिटलं की ते वहीत लिहायचं.

आणि उशीर न करता आजीच्या मैत्रिणींकडे जा. तिच्या जोडीदारणीला विचार की दोघींच्या खुणा काय होत्या. खुणा असणारच. कान खाजवला की इस्पिक, बांगड्या मागे सारल्या की बदाम, असं काहीतरी. तुझ्या आजीसारखी बाई खुणांशिवाय खेळली असेल यावर माझा विश्वास नाही. त्या मैत्रिणीही सत्तरीच्या पुढे आहेत. एकेकीकडे जाताना फोन घेऊन जा, परवानगी विचार आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर. खिरापतीचंही विचार. तुझी आत्या टरफलांबद्दल लिहिते, पण त्या टरफलांखाली खरी खिरापत काय असायची ते तिने लिहिलेलं नाही.

प्रश्न : ताईंस सादर नमस्कार. माझे वय ८१. आमच्या लग्नाला पंचावन्न वर्षे झाली होती. घरात मुले हसली की मला राग येतो. मी स्वतः कशाला हसलो की रात्री झोप येत नाही. अविधवा नवमीला सून म्हणते की हिच्या पत्त्यांतल्या तिघी मैत्रिणींना जेवायला बोलवू आणि मग डाव मांडू. त्यांपैकी दोघी विधवा आहेत. त्या दिवशी सवाष्णच लागते असे माझी बहीण सांगते. मला काही कळत नाही. चहा मी करतो, तो हिच्याशी हरून हरून शिकलो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, तुम्ही वयाने माझ्याहून मोठे, म्हणून दादाच म्हणते.

आधी नवमीचं. भाद्रपद वद्य नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. त्या दिवशी तिच्या नावाने श्राद्ध करायचं, सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरायची, ही रीत तुमच्या बहिणीने सांगितली ती बरोबर आहे. ती मोडा असं मी म्हणणार नाही. गुरुजींना बोलवा, विधी करा, एका सवाष्णीची ओटी भरा. तिघींमधली एक सवाष्ण आहेच, तिचीच भरा. पण पंगत विधीपेक्षा मोठी असते. सवाष्ण म्हणून एकीला बोलवा आणि मैत्रीण म्हणून तिघींना. पाटही शेजारी शेजारी मांडा, त्या दोघींना बाजूच्या खोलीत बसवू नका.

तुमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यात, हेरवाड आहे. त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या गावांनी हेरवाडचं उदाहरण घ्यावं असं परिपत्रक काढलं. एका गावाने एवढं केलं. तुमच्या घरात तर प्रश्न फक्त एका जेवणाचा आहे, आणि ते जेवण जिच्या नावाचं आहे तिने या दोघींबरोबर आयुष्यभर पत्ते खेळले. त्या विधवा झाल्यावर तिने त्यांना डावातून उठवलं होतं का? नाही ना? मग तिच्या तिथीलाही उठवू नका.

आता रागाचं. मुलं हसली की तुम्हाला राग येतो, तो मुलांवर नसावा असं मला वाटतं. घरात हसू फुटलं की त्यात तिचं हसू ऐकू यायला हवं आणि ते येत नाही. पंचावन्न वर्षं तुमच्या कानाला त्या आवाजाची सवय झाली होती. या रागाबद्दल स्वतःला दोष देऊ नका, आणि मुलांवरही तो काढू नका. मुलाला एकदा सांगून टाका, "तुम्ही हसता तेव्हा मला ती आठवते." एवढंच वाक्य. घरातलं हसणं थांबवू नका, कारण ते त्यांना तिनेच शिकवलं आहे. स्वतः हसलात म्हणून झोप उडते, त्याचंही तसंच. तुम्ही हसलात तर ती दुखावेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? जिने तुमची फजिती उखाण्यात घातली ती बाई तुम्हाला हसताना बघून काय म्हणाली असती, ते तुम्हालाच जास्त माहीत.

झोपेकडे मात्र दुर्लक्ष नको. वर्ष उलटून गेलं, वय ८१. रात्र-रात्र झोप लागत नसेल, जेवण कमी झालं असेल, कपडे सैल होत असतील तर मुलाला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जे मला लिहिलंत तेच त्यांना सांगा. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल सांगता तसंच हे सांगायचं. दुपारी घरात बसून राहू नका. घाटावर जा, गणपतीच्या देवळात जा, कुणाला तरी भेटा.

नवमीच्या दिवशी डाव मांडू द्या. तुम्ही खेळायला बसायचं की नाही हे आताच ठरवू नका. बसावंसं वाटलं नाही तर चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभे राहा, कुणी काही म्हणणार नाही. पण तिघींना आमंत्रण सुनेकडून जायला नको, तुम्ही स्वतः फोन करा. त्या दोघी "आम्ही कशाला, त्या दिवशी बरं दिसत नाही" म्हणतील, हे मी आत्ताच सांगते. तेव्हा रीतीभातीचं काही बोलू नका. डावाला माणूस कमी पडतंय, एवढंच सांगा.